आबांचा मासा माझा कसा झाला

गळवाल्या मित्रांनो, तासाभरापूर्वी वळवणच्या तळ्यावरून घरी आलोय आणि अजून अंगाची लाही होतेय. हे पत्र वाचून झालं की पुढच्याला द्या.

आज रविवार म्हणून सकाळीच गळ टाकून बसलो होतो. शेजारी तळ्यापलीकडच्या वाडीतले एक आबा होते. त्यांच्या गळाला हातभर लांबीचा म्हाशीर लागला. अर्धा तास झुंजून त्यांनी तो काठावर ओढला. दोरीनं दोन्ही तळहात कापले होते.

तेवढ्यात खंडाळ्याच्या बंगल्यावर उतरलेले एक मुंबईकर गृहस्थ मोटारीतून आले. मासा हातात धरून त्यांनी फोटो काढून घेतला आणि ड्रायव्हरला तो मोटारीत टाकायला सांगितलं.

"सायेब, त्यो माजा मासा हाय," आबा म्हणाले.

तळ्याचा पहारेकरी आबांवरच ओरडला, "परवाना हाय का तुज्याकडं? न्हाई ना? मग गप ऱ्हा!"

मला राहवलं नाही. "परवाना माझ्याकडे आहे, मासा माझा आहे. खाली ठेवा!"

गृहस्थांनी लगेच माफी मागितली, पण माझी. मासा मिळाला तो मी आबांच्या हाती दिला.

"माजा म्हनलो तवा कुनी दिला न्हाई," आबा म्हणाले. "तुमचा झाला तवा मिळाला."

वळवणचं धरण झालं तेव्हा आबांच्या घरचं भाताचं शेत याच पाण्याखाली गेलं. परवाना मात्र मला मिळतो, आणि मी तो इतकी वर्षं खिशात मिरवतोय. तुमच्याही खिशात तोच आहे ना?