वॉल्टरसाहेबांच्या मोटारीला तीट

माझ्या जावयाला अमेरिकेत मिळू घातलेली नोकरी मी माझ्या उजव्या हाताच्या करंगळीने घालवली.

सदर विधान मी पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. बार्शीच्या कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्यात माझे अर्धे आयुष्य गेले. शिक्षण सातवी पास (आठवीचा प्रयत्न झाला होता). परंतु माझ्या ‘सबब विनंती की’पुढे भल्याभल्या पदवीधरांनी मान तुकवलेली आहे. अशा मनुष्याच्या हातून तालुक्यात काही वावगे घडणे शक्य नव्हते. त्यासाठी अमेरिकेलाच जावे लागले!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमची कन्या माधुरी व जावई अरविंदराव न्यू जर्सीत पार्सिपनी गावी राहत. आम्ही उभयता तेथे पोहोचलो आणि कळले, की जावईबापूंची नोकरी केव्हाच गेली आहे. आम्ही तिकिटे रद्द करू या भीतीने दोघांनी ते लपवले होते. नवी नोकरी लवकर मिळाली नाही, तर व्हिसा संपून बिऱ्हाड उचलावे लागणार होते. घरात फोन वाजला की जावईबापू धावत आणि परत येताना हळू चालत.

अशात आशेचा एकच किरण होता, वॉल्टरसाहेब. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचे हे वयस्कर मालक.

“मामा, रविवारी म्युझियममध्ये जुन्या गाड्यांचा शो आहे,” जावईबापू म्हणाले. “वॉल्टर त्यांची गाडी लावणारेत. फॅमिलीला घेऊन ये म्हणाले. जॉबचं तिथेच फायनल करतील.”

“बाबा, प्लीज,” माधुरी म्हणाली, “तिथे कुणाशी काही बोलू नका.”

“एक अक्षर बोलणार नाही,” असे वचन मी दिले. (बोटांविषयी वचन कोणी मागितलेच नव्हते.)

रविवारी सौभाग्यवतीने पहाटे उठून धपाटे केले, शेंगाचटणीसह फडक्यात बांधले आणि आम्ही निघालो. म्युझियमच्या आत दोरखंडापलीकडे मोटारी मांडल्या होत्या. वर दिवे, खाली गालिचे आणि चोहीकडे कुजबुज. सिव्हिल हॉस्पिटलात मोठ्या साहेबांना पाहायला गेल्यावर असते तशी ती शांतता!

“मेलेल्या गाड्यांचं एवढं कौतुक!” सौभाग्यवती म्हणाली. “आमच्या एष्टीला जिवंतपणी कुणी फडकं मारत नाही.”

बाहेर हिरवळीवर मात्र स्पर्धेच्या गाड्या होत्या आणि त्यांत वॉल्टरसाहेबांची मोटार. सायीच्या रंगाची, लांब नाकाची, आरशासारखी लखलखणारी! साहेबांच्या वडिलांनी ती घेतलेली. तिचा मूळ रंग आजतागायत कोणी बदललेला नव्हता आणि त्या मूळ रंगासाठीच बक्षीस मिळण्याचा संभव होता, असे माधुरीने सांगितले. साहेबांनी माझा हात हलवला, मी मान हलवली. मग ते जावईबापूंना घेऊन परीक्षकांना आणायला गेले. माधुरी कॉफी आणायला गेली. मोटारीपाशी आम्ही उभयता राहिलो.

आणि इथूनच माझा घात सुरू झाला.

जो तो येई आणि डोळे विस्फारून “वॉव!” म्हणे. बायका म्हणत, पुरुष म्हणत, एक बाई तर गालावर हात ठेवून थांबूनच राहिली. एवढ्या सुंदर वस्तूकडे एवढी माणसे टक लावून पाहतात आणि तिच्या अंगावर काळा ठिपकादेखील नाही!

“अहो,” सौभाग्यवती हळूच म्हणाली, “दृष्ट लागेल हो हिला. साहेबांना काही झालं, तर आपल्या अरविंदरावांचं कसं?”

मुद्दा बिनतोड होता. तिच्या पर्समध्ये एरंडेलाच्या दिव्यावर धरलेल्या घरच्या काजळाची डबी होती.

“मागं, चाकाजवळ लावा. दिसायला नको.”

“तीट दिसली नाही, तर नजर अडेल कशी?” मी कायद्याचा प्रश्न उपस्थित केला.

समोर ‘हात लावू नये’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी होती. मी ती अक्षर जुळवून वाचलीही. परंतु अशा पाट्या सर्वसाधारण जनतेस उद्देशून असतात. ‘आत येण्यास मनाई आहे’ या पाटीखालूनच मी सारी हयात ये-जा करीत आलो आहे! सबब करंगळी डबीत बुडवून मी मोटारीच्या नाकावर, मधोमध, बाळाच्या गालावर लावतो तशी गोल तीट लावली. मोटार अधिकच गोजिरी दिसू लागली.

तेवढ्यात हिरवळीच्या टोकाला पांढरे हातमोजे घातलेले परीक्षक दिसले. ते प्रत्येक गाडीवरून बोट फिरवीत आणि बोट निरखून पाहत.

“पुसा! पुसा!” सौभाग्यवती किंचाळली.

रुमाल सापडेना. हाताला आले ते धपाट्यांचे फडके. मी ते घेऊन जीव खाऊन घासले. फडक्यातले तेल पसरले, काजळ पसरले, चटणीही पसरली. करंगळीएवढा डाग हातभर झाला!

“थुंकी लावा!”

थुंकी लावली. चटणीतले दाण्यांचे कण त्या जुन्या रंगावर करकरले. तो आवाज मला अजून ऐकू येतो. काळ्या-तांबड्या चिखलाखाली आता बारीक ओरखडेही होते.

वर पाहिले तर वॉल्टरसाहेब उभे. शेजारी जावईबापू, मागे परीक्षक, हातात कॉफी घेतलेली माधुरी. कोणी ओरडले नाही. ओरडले असते तर मला हायसे वाटले असते. साहेबांनी टोपी काढली, जशी अंत्ययात्रा जाताना आपण काढतो.

“सांग त्यांना,” मी माधुरीला म्हणालो, “लोक फार कौतुक करत होते. त्या कौतुकाची बाधा होऊ नये, म्हणून केलं.”

तिने रडवेल्या आवाजात सांगितले. साहेब मोटारीकडे पाहतच हळू आवाजात काही बोलले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, कौतुक व्हावं म्हणूनच तर आणली होती.”

एका परीक्षकाने पुढे येऊन पाहिले, पण आपला मोजा त्या चिखलाला लावलादेखील नाही. वहीत काहीतरी खोडले आणि तो पुढच्या गाडीकडे वळला. जावईबापू “सॉरी सर, सॉरी सर” म्हणत राहिले. साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला व म्हणाले, “यू हॅव अ लव्हली फॅमिली.”

गाडीत बसल्यावर मी धीर देण्यासाठी म्हणालो, “काही असो, जावईबापू, कुटुंब पसंत पडलं!”

“बाबा,” माधुरी खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “इथे नोकरी द्यायची नसली, की असंच बोलतात.”

“माफीचा अर्ज लिहून देऊ का? इंग्रजी तू कर.”

“मामा,” जावईबापू म्हणाले. एवढेच म्हणाले. धपाटे तसेच राहिले.

फोन आला नाही. दुसरीकडेही काही जमले नाही. व्हिसा संपला आणि चौघेही बार्शीला परतलो. लोकांना आम्ही ‘मुलांना इकडची ओढ’ असे कारण सांगितले. जावईबापू माझ्याशी अदबीने वागत, पाया पडत. एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे त्यांनी छोटे वर्कशॉप काढायचे ठरवले. त्यासाठी सरकारी शेडकरिता अर्ज करायचा होता. मी त्या सकाळी पेनात नवी शाई भरून, खुर्चीवर उशी टाकून, जावयाची वाट पाहत टेबलाशी बसलो.

अरविंदराव आले. मला वाकून नमस्कार केला, चहाची विचारपूस केली आणि सरळ पुढे जाऊन शेजारच्या पिंपळाखाली बसणाऱ्या माझ्या हाडवैऱ्याकडून अर्ज लिहून घेतला. त्या गाढवाला ‘सबब’ कोठे घालावे हेदेखील कळत नाही.

अर्ज पहिल्याच फेरीत मंजूर झाला!