बर्फाच्या कारखान्यातला एकच जिना

इक्बालसरांच्या साठीनिमित्त लिहा, असं गौरवग्रंथाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इतकी वर्षं सोसायटीची सेक्रेटरीगिरी करून माणसात काय उरतं? पंप बिघडला, टाकी गळते, वरच्यांचं पाणी खालच्यांच्या गॅलरीत. जीव नुसता विटून गेलाय. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, म्हणून बसलो.

सरांची माझी ओळख अठ्ठ्याण्णव सालची. रत्नागिरीच्या बंदराजवळचा बर्फाचा कारखाना बंद पडला होता. तो न पाडता त्यातच घरं करायची, आवारात पत्र्याच्या खोल्यांत राहणाऱ्या जुन्या कामगारांना लहान, आम्हा नोकरदारांना आणि डॉक्टर-वकिलांना मोठी, असा आराखडा सरांनी आर्किटेक्ट म्हणून केला होता. मी पाहायला गेलो तेव्हा ते भिंतीला गाल लावून उभे होते. "हात लावा," म्हणाले, "आत भाताचं तूस आहे. मे महिन्यातही गार राहील. ही पाडायची म्हणजे पाप हो!"

घोडं अडलं जिन्यावर. सरांनी सगळ्यांना मिळून एकच रुंद जिना काढला होता, वळणावर जांभ्याचा कट्टा. मोठ्या घरांच्या आम्ही काही जणांनी अर्ज दिला: मासळीच्या टोपल्या नि आम्ही एका जिन्याने नको, कामगारांना मागून वेगळा जिना द्या, नाहीतर आम्ही नावं काढून घेतो. नावं निघाली असती तर कामगारांची घरंही बुडाली असती. अर्जावर शेवटची सही माझी होती.

सभेत सर उभे राहिले. "सही केलेल्यांनी उठून कारण सांगावं," म्हणत एकेक नाव वाचू लागले. माझ्या शेजारी जुबेदाचाची बसल्या होत्या. बर्फाच्या लाद्या फोडण्यात त्यांचा जन्म गेलेला; कारखाना बंद पडल्यापासून त्या आमच्या दारी मासळी विकायला येत. माझी बायको टायफॉइडने अंथरुणावर होती तेव्हा याच बाई रोज पेजेचा डबा आणून देत होत्या. मला दरदरून घाम फुटला. माझं एकच नाव उरलं तेव्हा सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, ते न वाचताच कागद दुमडला आणि म्हणाले, "बास. जिना एकच होणार."

दोघांनी नावं काढलीच. सरांनी त्या जागी माणसं मिळवायला महिनोन्‌महिने घरोघरी चहा ढोसले, शिव्या खाल्ल्या. पुढच्या इतक्या वर्षांत त्या सहीचा 'स'सुद्धा त्यांनी माझ्याकडे काढला नाही. हे मोठेपण मला पेलत नाही, खरंच सांगतो.

आता माझे गुडघे गेले. रोज त्या कट्ट्यावर टेकतो. चाचीही टोपली ठेवून टेकतात. हा लेख छापायला देण्याआधी परवा तिथेच त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी पदराने मान पुसली.

"तुमचा तोंड बघून तवाच कळला मला," म्हणाल्या. "दमलाव ना? बसा वाईच."

मी बसलो. रडलोही थोडा, वयाला शोभत नसलं तरी.

इक्बालसरांना उदंड आयुष्य मिळो, आणि मुख्य म्हणजे त्यांचे गुडघे शाबूत राहोत. त्यांनी एकदा हा जिना चढून यावं. कट्ट्यावर आम्ही दोघं सरकून बसू.