खंडेनवमीची बंदूक

रानडुकरांसाठी घेतलेली परवान्याची बंदूक पप्पा दिवाणात, गाद्यांखाली ठेवायचे. लॉकर त्यांना नकोच होता. लॉकर दिसला की चोराला जागा कळते, असं ते म्हणत.

खंडेनवमीला मात्र त्यांनी ती सगळ्या भावकीसमोर दिवाणातून काढून पूजेला मांडली. माझा चुलतभाऊ आदल्याच दिवशी बांधावरून शेजाऱ्याशी भांडला होता. हळदकुंकू वाहताना त्याची नजर उघड्या दिवाणावर होती.

"काका, काडतुसं बी इथंच का?" त्यानं हसत विचारलं.

सगळे गेल्यावर मी पप्पांना म्हणाले, "दादाला जागा कळली."

"तो घरचा हाय, पोरी."

"म्हणूनच."

संध्याकाळी पप्पांनी बंदूक आणि काडतुसं माझ्या लोखंडी कपाटात ठेवली. आता किल्ली माझ्याकडे असते, आणि दादा माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो.