खोलीसाठी घेतलेलं आडनाव

मित्रानं खोली मिळवायला खोटं आडनाव सांगितलंय, हे मी विद्यापीठातून आलेल्या साहेबांना सांगून टाकलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही दोघं खानदेशातले बौद्ध, परराज्यात बमरोलीच्या एकाच मिलमध्ये कामाला. आमच्यासारख्या तरुणांना नोकरीत, राहण्यात काय अडचणी येतात, यावर साहेबांचं संशोधन चाललं होतं. कुणाचं नाव कुठे येणार नाही, असं ते म्हणाले. मला त्यांनी ‘सहकारी’ म्हटलं आणि मी असा फुगलो, की खिशाला पेन लावून गल्लीत हिंडायला लागलो.

नाव त्यांनी कागदावर लिहिलं नाही, हे खरं. ते सरळ मित्राच्या घरमालकाकडे गेले आणि विचारलं, “मागच्या खोलीतल्या मुलाला आडनाव बदलावं लागलं, यावर तुमचं मत काय?”

मालकाचं मत आम्हाला संध्याकाळी कळलं. मित्राची ट्रंक ओट्यावर ठेवलेली होती.

मी ट्रंकेची एक कडी धरली आणि साहेबांना विश्वासघातकी, दगाबाज, जे सुचेल ते म्हणत चालू लागलो. दुसरी कडी धरलेल्या मित्रानं गल्लीच्या टोकाला ट्रंक खाली टेकवली. मग म्हणाला, “त्याला निदान पगार तरी होता. तू तर मला फुकटात विकलं.”