मदीनाबी घर बघते

घर विकत घ्यायचं असेल तर आधी मदीनाबीला दाखवायचं, अशी हिंगोलीकडच्या पुसेगावच्या आसपास पद्धतच पडली होती. घेणाऱ्यांना तिचा आधार वाटे. विकणारे मात्र ती बैलगाडीतून उतरताना दिसली की तोंड वाकडं करत.

मदीनाबीचा बाप कुरुंद्याचा गवंडी. लहानपणी ती त्याच्या मागोमाग माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर चढायची, पांढरी माती पायांनी तुडवायची. एवढं कळत असूनही लग्नानंतर तिनं आणि युसूफनं पहिलं घर घेतलं ते फसूनच. थंडीचे दिवस होते. माळवदावर नवी माती पडलेली, विहीर भरलेली, अंगणात दिवसभर कोवळं ऊन. होळीला विहिरीचा तळ दिसला आणि मृगात घर पाच ठिकाणी गळलं. युसूफ पिंजारी. त्याचा पिंजायला आणलेला सगळा कापूस भिजला. त्याच्यावर ती कधी चिडली नाही. चिडली ती स्वतःवर.

"थंडीत समदीच घरं नव्या नवरीवानी दिसतात," ती म्हणे.

तेव्हापासून ती विहिरीत डोकावत नसे, विहिरीवरचा दोर बघे. दोर गरजेपेक्षा लांब असला की उन्हाळ्यात पाणी किती खाली जातं ते तिला कळे. माळवदाच्या वरच्या मातीकडे ती ढुंकूनही बघत नसे. खालून तुळयांवरचे पाण्याचे ओघळ शोधे. आणि घराबद्दल मालकाला काही विचारत नसे. शेजारच्या बायकांत जाऊन बसे.

छत्तीस सालच्या डिसेंबरात तिला पारुबाईनं बोलावलं. पारुबाई कनेरगावजवळच्या तांड्यावरची. नवरा गेलेला, पोटी लेकरू नाही, दोन म्हशी. संस्थानाच्या हद्दीवरच्या कनेरगावच्या नाक्यावर वऱ्हाडात जाणाऱ्या गाड्या झडतीसाठी थांबत आणि गाडीवानांना चहा लागे. त्या चहाचं दूध पारुबाईचं. रोज पहाटे कोसभर चालत ती ते डोक्यावर आणी. आता गुडघे ऐकत नव्हते. नाक्यालगतचं जलालुद्दीनचं घर विकायला निघालं, तेव्हा तिनं सासूनं घातलेली अंगावरची सगळी चांदी मोडायचं ठरवलं. दुसऱ्यांदा मोडायला तिच्याकडे काही नव्हतं.

रमजान ईदची सुट्टी होती. हिंगोलीची कचेरी आठवडाभर बंद.

"खाला, तुमी काहून तकलीफ घेतली?" जलालुद्दीन म्हणाला. "पारुबाईनं घर बघितलं. पसंत हाय."

"तिनं घर बघितलं. मी तुला बघायला आले."

"वाशिमचं एक गिऱ्हाईक परवा येऊन राहिलंय. तुमी आज बयाना द्या, कचेरी उघडली की कागद करू."

"मग बयानाबी तवाच. सुट्टी कागदाला हाय आन् चांदीला न्हाई, असं कसं?"

जलालुद्दीन हसला आणि त्यानं दार उघडलं.

मदीनाबीनं घर बघितलं. तुळया कोरड्या होत्या. विहिरीचा दोर आखूड होता. शेजारणींनीही पाण्याबद्दल काही तक्रार केली नाही. पारुबाईचा हात आपसूक गळ्यातल्या हासळीकडे गेला.

"थांब जरा," मदीनाबी म्हणाली आणि दारातून बाहेर आली.

दारापासून सडकेपर्यंत ऐसपैस मोकळी जागा होती. गाड्यांची चाकोरी उमटलेली. दारापुढं ताजं सारवण. मदीनाबीनं चप्पल काढली आणि सारवणावर अंगठ्यानं उकरलं. ज्वारीचं धसकट वर आलं. हातभर पुढं दुसरं, मग तिसरं. धसकटं ओळीत होती.

"जलालुद्दीन, अंगणात ज्वारी पेरतोस व्हय रे?"

"ते वावर अजीजभाईचं हाय. माझ्या थोरल्या भावाचं."

"पार उंबऱ्यापर्यंत?"

"पावसाळ्यापुरतं, खाला. पीक निघालं की हे असंच मोकळं."

"आन् पीक उभं असतं तवा तू कुठून जातोस?"

"त्याच्या घरातून. भाऊच हाय की."

पारुबाई उंबऱ्यावर बसली. "मी कोन हाय त्याची? माझ्या म्हशी काय त्याच्या चुलीपासून जातील?" मग ती हळूच म्हणाली, "तेवढे दिवस म्हशी तांड्यावर ठेवीन, मदीनाबी. दोन वर्सं झाली नाक्याजवळ घर शोधून राहिले."

"म्हशी तिथं आन् तू इथं. मग रोज कोसभर कोन चालणार? घर घेऊन राहिलीस का पायपीट?"

मदीनाबीनं अजीजला बोलावून घेतलं.

"वाट देईन की," अजीज म्हणाला. "मी कवा अडवलं कुणाला?"

"मग घराच्या कागदात लिहून दे."

"माझा शब्द हाय, खाला."

"तुझा हाय. तुझ्या पोरांचा आन् सुनांचा कोन देणार?"

अजीज दाढी खाजवत राहिला. जलालुद्दीननं त्याला बाजूला नेलं. बरीच कुजबूज झाली. वाटेत जाईल त्या जमिनीचा मोबदला जलालुद्दीननं घराच्या किमतीतून भावाला द्यायचा, असं ठरवून दोघं परत आले.

"येक माणूस जाईल येवढी वाट देतो," अजीज म्हणाला.

पारुबाई उठली. "माणसाचं माप नगं. मी येईस्तवर बसा."

ती आली तेव्हा दुपार कलली होती. पुढं दोन्ही म्हशी, त्यातली एक गाभण. तिनं त्या जोडीनं सडकेवरून दाराकडे हाकल्या आणि अजीजला म्हणाली, "आता ठोका खुंट्या."

गाभण म्हैस डावीकडे झुकत चालली, दुसरी उजवीकडे. अजीज खुंट्या घेऊन मागं पळत होता.

"अगं, सरळ हाक त्यांना. माझं निम्मं वावर खाऊन राहिल्या."

"त्या पावसाळ्यातबी अशाच चालणार," पारुबाई म्हणाली. "तवा काय सरळ चालतील?"

नाक्यावरचे गाडीवान बघायला जमले होते. जलालुद्दीनलाही हसू आवरलं नाही. खुंट्या तशाच ठोकल्या गेल्या. सुट्टी संपल्यावर हिंगोलीला कागद झाला आणि त्यात वाट खुंटीपासून खुंटीपर्यंत लिहिली गेली. कागद वाचून दाखवल्यावरच पारुबाईनं हासळी उतरवली. वाशिमचं गिऱ्हाईक शेवटपर्यंत कुणाला दिसलं नाही.

पुढच्या श्रावणात अजीज पुसेगावला मदीनाबीच्या दारी आला. ज्वारी डोक्याएवढी झाली होती. तिच्यामधून पारुबाईच्या म्हशी रोज दोनदा ये-जा करत आणि जाता-येता दोन्ही बाजूंनी तोंड मारत.

"खाला, तुमीच सांगा तिला कायतरी."

"तिला काय सांगू? कागदात वाट लिहिली हाय, म्हशीचं तोंड बांधायचं लिहिलेलं न्हाई." मदीनाबीनं त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "बाभळी तोड आन् कुंपण घाल."

अजीजनं पाणी पिऊन घेतलं आणि कुंपण किती लांब लागेल, याचा हिशेब बोटांवर करत तो गेला.