खिळ्यावरचा सहावा बिल्ला

ती घटना विसरावी म्हणून मी निवृत्तीनंतर पुष्कळ खटपट केली, जमलं नाही. एरवी मी गप्पिष्ट माणूस. मूर्तिजापूरच्या एका चोराला नुसतं खाकरून कसं पकडलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की आता तो चोरसुद्धा ते खरं मानतो. या प्रकरणात मात्र पदरचं काही घातलेलं नाही. माणसांची आणि गावाची नावंही घालणार नाही.

कापसाच्या वाईट वर्षांतली गोष्ट. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांच्या शिवेवर माझं ठाणं होतं. त्या काळात आमच्याकडे चोऱ्या कमी आणि आकस्मिक मृत्यूचे, म्हणजे मर्गचे, कागद जास्त. मर्गचे छापील फॉर्म संपले की दर्यापूरला माणूस पाठवून उसने आणायचे. माझा हवालदार इन्क्वेस्ट पंचनामा झोपेतसुद्धा लिहू शकत असे. एकदा पेन टेबलावर ठेवून तो जेवायला गेला, तर परत येईपर्यंत पेननं अर्धा पंचनामा उतरवलेला होता, असं मी लोकांना सांगत असे. लोक हसायचे. आम्हालाही हसून घ्यावंसं वाटायचं, कारण दिवसभरात दुसरं हसण्यासारखं काही नसायचं.

माझ्या हद्दीत एक मोठं धरण होतं. त्यात मासेमारीचा ठेका एका सहकारी संस्थेकडे होता. काम असं चाले: सकाळी मशीनची लोखंडी बोट सहा मच्छीमारांना घेऊन निघे. त्यांचे थर्माकोलचे तराफे मागे दोराला बांधलेले असत. धरणाच्या वरच्या टोकाला, जिथं जुन्या बाभळींचे खुंट अजून पाण्यात उभे आहेत, तिथं एकेकाला सोडायचं. प्रत्येकानं आपल्या तराफ्यावर बसून जाळं लावायचं. संध्याकाळी बोटीनं सगळ्यांना गोळा करून आणायचं. कुणाचं काम लवकर आटोपलं तर तो काठाला लागून पांदणीच्या वाटेनं चालत घरी येई.

बोट चालवणारा साठीचा मुसलमान गृहस्थ होता. पूर्वी ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री चाचा म्हणत.

आधी कधीतरी तिथं एक माणूस बुडाला होता. तेव्हा वरून अधिकारी आले आणि सुरक्षेची व्यवस्था लावून गेले. काठावर लाकडी फळी, फळीला सहा खिळे, खिळ्यांवर नंबर घातलेले सहा पितळी बिल्ले. जाताना बिल्ला काढून गळ्यात घालायचा, परत आल्यावर खिळ्याला अडकवायचा. अंधार पडायच्या आत फळी भरली नाही, तर लगेच शोध. नियमांचा कागद फळीवरच चिकटवला होता. लाइफ जॅकेटंही दिली होती. मी गेलो तेव्हा पाच जॅकेटं संस्थेच्या खोलीत प्लास्टिकसकट टांगलेली होती आणि सहावं अध्यक्षांच्या उशाला होतं.

फाल्गुनात एका दुपारनंतर गारपीट झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरच्या मच्छीमाराचं प्रेत बाभळीच्या खुंटाजवळ सापडलं. वय पस्तीसच्या आसपास.

हवालदारानं फॉर्म काढलाच होता. म्हणाला, "साहेब, जीव देला असन. आजकाल दुसरं काय असते?"

मी प्रेताचे हात उघडून पाहिले. दोन्ही तळव्यांत बाभळीचे काटे मोडून बसले होते. जीव द्यायला गेलेला माणूस काट्यांना असा धरून बसत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं ते आणखी वाईट होतं. माणूस वादळात मेला नव्हता. खुंटाला धरून तो कित्येक तास पाण्यात होता, गारठून पहाटेच्या सुमारास गेला असावा. संध्याकाळी कुणी शोधायला गेलं असतं तर तो आज मुलांना ओरडत घरात बसला असता.

मग का नाही गेलं कुणी? कारण फळी भरलेली होती. सहावा बिल्ला खिळ्यावर होता. तो अजूनही तिथंच लटकत होता, माझ्या डोळ्यांसमोर.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक जण बोलला, "मिस्त्रीले पकडा. चार दिवसाआंदी त्यानं त्याले सगळ्यायसमोर म्हणलं होतं, एक दिवस मरशीन तू! मुद्दाम सोडून आला, अन् आपल्याच हातानं बिल्ला लावला."

मेलेल्याच्या बायकोनंही मिस्त्रीविरुद्धच तक्रार दिली; रात्री नवरा घरी आला नाही, तेव्हा वादळामुळे संस्थेच्या खोलीत थांबला असेल असं तिला वाटलं होतं. "माह्या मानसाले पान्यात सोडून आला तो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं. माझ्या चौकशीची त्या काळी ख्याती होती. समोर बसवून मी नुसती मिशी वळली की माणूस आजोबांच्या काळातले गुन्हेही कबूल करतो, असं लोक म्हणत. लोक म्हणजे बहुतेक मीच. मिस्त्रीवर मिशीचा काही परिणाम झाला नाही.

"भांडण झालं होतं?"

"झालं होतं. जाकीट घालत नव्हता तो. म्हणून म्हणलो, मरशीन एक दिवस. पोरासारखा होता जी."

"परवा त्याला का सोडून आलास?"

"गारा पडून रायल्या होत्या. त्याच्या जागेवर एक चक्कर मारली, आवाज देला. नाई दिसला. वाटलं, वादळाच्या आंदीच काठानं निंगून गेला असन. काठावर आलो त बिल्ला खिळ्यावर. मंग मशीन बंद केली."

"बिल्ला कुणी लावला?"

मिस्त्रीनं मान खाली घातली. "म्या नाई लावला."

"मग कोणी?"

"ते नका इचारू, साहेब."

दोन दिवस तोच प्रश्न आणि तेच उत्तर. सकाळी बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं. हवालदार म्हणाला, "थोडा पट्टा दाखवू का?" मी त्यालाच बाहेर काढलं. पण माझंही मन मिस्त्रीच्या विरुद्ध झालं होतं. ज्याला सगळं माहीत आहे आणि तरी जो बोलत नाही, तो कुणाला तरी वाचवतो. साथीदार असणार, असं मी धरून चाललो. गावात कुजबूज वाढली होती, तिला आता जातीधर्माचा वासही येऊ लागला होता. वरून फोन होता: उद्या अटक दाखवा, खुनाचं कलम लावा.

अटकेच्या आदल्या संध्याकाळी मी साध्या कपड्यांत धरणावर जाऊन बसलो. काही शोधायला नाही, खरं सांगायचं तर ठाण्यात बसवत नव्हतं म्हणून. डास असे की एकेक जण चिमणीशी कुस्ती खेळेल. मासेमारी पुन्हा सुरू झाली होती. बोट दुसराच माणूस चालवत होता.

दिवस मावळायला आला तसं दूरवर मशीन वाजलं. काठावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. एकेक उठली, डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे पाहिलं, ओच्यातून काहीतरी काढलं आणि फळीला अडकवलं. बोट काठाला लागायला चांगला अर्धा मैल बाकी होता, आणि इकडे, आम्ही जप्त केलेल्या सहाव्या बिल्ल्याचा खिळा सोडला तर, पाचही खिळे भरलेसुद्धा.

मी जवळच्या म्हातारीला विचारलं, "मावशी, माणसं अजून पाण्यात, आणि फळी कशी भरली?"

"मंग? आपला मानूस डोयानं दिसला का लावाव. बाईच लावते."

"कागदावर तर लिहिलंय, बिल्ला गळ्यात घालायचा."

"गळ्यात?" म्हातारी मोठ्यानं हसली. "अन् दोरी जाळ्यात अटकली त? मासोळीसंगं मानूसच खाली जाईन ना बाप्पा! लिवनारानं कवा जाळं ओढलं काय? म्हणून मानसं सकाळी आमच्याजवळ देतात."

हसता हसता तिचा हात तोंडावर गेला. मी कोण आहे, हे तिला ओळखू आलं असावं. तिनं माझ्या बाहीला धरलं. आवाज एकदम खाली आला.

"साहेब, तिले नका सांगू. साऱ्या गावाले समजलं, तिलेच नाई समजलं अजून."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मिस्त्रीचा साथीदार कुणी नव्हता. सहावा बिल्ला त्या विधवेनंच लावला होता, आणि तो तिला वाचवत होता. ती त्याच्यावर खुनाचा आळ घेत होती, आणि तो तिच्यासाठी गप्प बसला होता.

नोकरीत मी गुंडांच्या दारात बेधडक गेलो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरावरून मी दोनदा पुढे निघून गेलो. न विचारता भागलं असतं तर मी विचारलं नसतं. पण मग एका निर्दोष माणसाच्या हातात बेड्या पडल्या असत्या, त्याही माझ्याच हातून.

बाई आंधळ्या सासूजवळ बसली होती. छपराची दोन टिनं उडालेली, वरून ऊन थेट चुलीवर येत होतं. मी पुरवणी जबाबाचा कागद काढला आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "त्या दिवशी बिल्ला कुणाजवळ होता?"

"माह्याजवळ. ओच्यात."

"मग?"

"मंग काय, गारा सुरू झाल्या. मशीनचा आवाज आला. बोट दिसली. डोक्यावर पोते घेऊन बसले होते समदे, तोंड कोनाचंच दिसे ना. म्या डोकी मोजली, सहा भरली. इकडे टिनं उडून रायले होते, बुढी एकटी घरात, म्हणून मी बिल्ला लावला अन् पयत घरी..."

ती थांबली. ओठ हलत होते. ती मोजत होती, हे मला दिसलं. पाच मच्छीमार, आणि सहावं डोकं बोट चालवणाऱ्या मिस्त्रीचं. रोज बोटीत सात डोकी असायची. पण सहा माणसं, सहा खिळे, सहा बिल्ले, हाच आकडा सगळ्या गावाच्या तोंडात बसलेला.

सासू म्हणाली, "काय झालं व? बोलत काहून नाई?"

बाईनं तिचा हात हातात घेतला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "लिवा साहेब. म्याच लावला. मिस्त्री चाचाले सोडा."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की पुढे साहेबांनी विचारलं, जबाब धावत्या जीपमध्ये घेतला काय.

त्याच दिवशी मिस्त्रीला मोकळं केलं. ठाण्यातून तो घरी गेला नाही, सरळ तिच्या दारात गेला. मी गावात बंदोबस्ताला होतो, थोडा लांब उभा राहिलो. ती बाहेर आली. म्हणाली, "चाचा, तुमी काहून नाई सांगतलं? जेलात गेले असते ना."

मिस्त्री म्हणाला, "सांगून तो वापस येत होता काय, बेटी?"

दोघांपैकी कुणी रडलं नाही. मिस्त्रीनं पडलेलं एक टिन उचललं आणि शिडी मागितली.

वरून मला सूचना आली, बाईवर निष्काळजीपणाचं कलम लावा. मी अहवालात लिहिलं: नियमांच्या कागदावर बिल्ला मच्छीमारानं बाळगावा आणि त्यानंच लावावा असं आहे, बाईला त्या व्यवस्थेत कोणतंही काम दिलेलं नाही, जे काम दिलंच नाही, त्यातल्या कसुरीचा गुन्हा होत नाही. साहेब खूप चिडले, पण कायद्यात त्यांना बोट शिरवायला जागा सापडली नाही. ज्यांनी जाळं न पाहता नियम केला, त्यांच्यावरही मी अर्धं पान लिहिलं होतं. ते पान पुढे कुठं गेलं, मला कळलं नाही. कागद बदलला नाही एवढं मात्र कळलं.

बदल केला तो मिस्त्रीनं. मशीन बंद करण्याआधी तो एकेकाचं नाव पुकारू लागला. ओ आली नाही, तर बोट मागे.

मीही ते उचललं. पुढे कौंडण्यपूरच्या यात्रेचा बंदोबस्त असो की निवडणुकीचा, माझी माणसं परत आली की हजेरीचं रजिस्टर मी आधी मिटून ठेवी आणि नावं घेई. एकदा हवालदार कुरकुरला, "साहेब, सह्या झाल्या ना सगळ्यायच्या. पाय तुटून रायले आमचे."

"सही राहू दे," मी म्हणालो. "आवाज दे."

आणि शेवटचा माणूस ओ देईपर्यंत कुणालाही बूट काढू दिले नाहीत.