नव्या टायरवर घर बघायला

आधी तो चहाचा कप खाली ठेवा, नाहीतर हसताना अंगावर सांडाल. एवढा मूर्खपणा मी आयुष्यात एकदाच केला. बायकोने मोजलेला आकडा वेगळा आहे, पण ते जाऊ द्या.

तर झालं काय, माझ्या मोटरसायकलचे टायर पार झिजले होते. राहायला बडोद्यात दांडिया बाजार, नोकरी शहराबाहेर सावली गावच्या कारखान्यात. वाटेत काय नाही? सिमेंट, डांबर, खड्डे, वाळू, आणि पाऊस पडला की सगळ्याचा काला! या सगळ्यावर चालेल असा टायर कोणता? तीन आठवडे मी मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. जाड नक्षीचा कच्च्या रस्त्याला चांगला, पण डांबरावर गुरगुरतो. बारीक नक्षीचा डांबरावर झकास, पण चिखलात आडवा करतो. शेवटी कारखान्याजवळचा दुकानदारच वैतागला.

"साहेब, टायर लेवुं छे के छोकरी जोवी छे?" म्हणजे टायर घ्यायचाय की मुलगी बघायचीय?

अखेर एका शनिवारी दुपारी मधल्या नक्षीची जोडी बसवली. निघताना तो म्हणाला, "नवं रबर आहे, सुरुवातीला घसरतं. थोडे दिवस साचवजो."

म्हणजे जपून चालवा. बस्स! शहाण्याने जपून चालवली असती. पण मी पडलो व्हिडिओ बघितलेला माणूस! टायरच्या कडाही घासल्या गेल्या पाहिजेत, तरच वळणावर पकड येते, हे मला तोंडपाठ. कडा कशा घासणार? गाडी डावीकडे कलवा, उजवीकडे कलवा. सावली ते बडोदे मी नागमोडी आलो.

आणि त्याच संध्याकाळी आम्हाला प्रतापनगरला भाड्याचं घर बघायचं होतं. लग्नाला सहा महिने झालेले. आईबाबा, दादा-वहिनी, त्यांची जुळी आणि आम्ही, सगळे दोन खोल्यांत! मुग्धाने, म्हणजे बायकोने, दहा घरं पालथी घालून हे एक शोधलं होतं. मालक रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गुजराती काका. मराठी माणसांबरोबर उभी नोकरी केलेली, त्यामुळे मराठी फर्डं बोलायचे. अट एकच, दारू पिणारा भाडेकरू नको. तशी आपल्या गुजरातेत दारूबंदीच आहे, पण काकांचा कायद्यावर विश्वास नव्हता.

मुग्धा शाळेत शिकवते. ती तिथूनच परस्पर पोहोचली होती. "वेळेवर ये आणि कमी बोल," एवढंच तिने फोनवर बजावलं होतं.

पोहोचलो. सोसायटीतला रस्ता रिकामा, मस्त डांबरी. म्हटलं, उजवी कड जरा कमी घासली गेलीय. मारल्या चार फेऱ्या, डावी-उजवी, डावी-उजवी! पाचव्या फेरीला बघतो तर समोर ओट्यावर हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, बसलेले काका, आणि शेजारच्या खुर्चीत मुग्धा. तिने कपाळाला हात लावलेला.

"आ पीधेलो कोण छे?" काका गरजले.

"काका, मी हिचा नवरा. आणि मी पीत नाही! टायर नवे आहेत, त्यांच्या कडा घासत होतो."

"रस्त्यावर?"

"मग कुठे घासणार?"

काकांनी मुग्धाकडे बघितलं. मग मला म्हणाले, "श्वास सोड."

सोडला. कँटीनमधली मूठभर बडीशेप चघळत आलो होतो.

"वरियाळी! वास लपवायला! वर्कशॉपमध्ये असे पुष्कळ पाहिले मी. चल, या लादीच्या रेघेवरून चालून दाखव."

आता सांगा, दीड तास गाडी कलवून मांड्या लटपटणार नाहीत? तीन पावलं नीट पडली. चौथ्याला तोल गेला, आधाराला हिंचक्याची साखळी धरली, हिंचका मागे गेला, त्याच्याबरोबर मीही, आणि बसलो तो थेट काकांच्या मांडीवर!

घर गेलं, हे मला तिथे बसल्याबसल्याच कळलं. मुग्धाचा चेहरा बघवेना. सहा महिने ती या एका चावीसाठी वणवण फिरत होती, आणि मी काय केलं? खरंच रडू यायला लागलं हो.

मुग्धा शांतपणे उठली.

"काका, तुमची शप्पथ, हे थेंबभरसुद्धा घेत नाहीत. हे कायम असेच असतात."

काकांनी मला मांडीवरून उतरवलं. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टायरकडे, आणि मग बराच वेळ तिच्याकडे. त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी! खिशातून चावी काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली.

"आजच राहायला ये, दीकरी," ते म्हणाले. "पिलेला असता तर बरं होतं गं. सकाळपर्यंत उतरली तरी असती."